काचेतलं पाणी

आमच्या वर्गात त्याला बॉयलर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो ओ देई. तास संपताना मॅडम हजेरी घेत आणि त्याचं खरं नाव वाचत, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणे, "बॉयलर, तुला बोलावतायत."

तो आमच्याहून सात वर्षांनी मोठा होता. एका धुलाईघरात बॉयलर चालवायचा. हॉस्पिटलांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल तिथे गाड्या भरभरून येत. पहाटे पाचला तो बर्नर लावी, बाराला बॉयलर दुसऱ्या माणसाच्या हवाली करी आणि एकच्या ठोक्याला खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर येऊन बसे. केस ओले. अंगाला साबण आणि तेल असा मिळून वास. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, घड्याळाच्या पट्ट्याएवढा आणि नेमका पट्ट्याच्याच जागी. घड्याळ तो उजव्या हाताला बांधायचा.

साहित्य शिकायला तो का आला हे आम्ही त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं. तो म्हणाला, ताईने घातलं. आम्ही हसलो. तोही हसला.

मॅडमची शिकवण्याची एक रीत होती. त्या फळ्यावर एक प्रश्न लिहीत आणि डस्टर कुणाच्या तरी बाकावर ठेवत. डस्टर ज्याच्याकडे, त्याने बोलायचं. तो स्वतःहून पुढे देईपर्यंत त्याला कुणी तोडायचं नाही, मॅडमनीसुद्धा नाही. त्या म्हणत, बाहेर तुम्हाला पुष्कळ लोक मधेच तोडतील, निदान या खोलीत ते व्हायला नको. हा नियम तीन वर्षांत त्यांनी एकदाच मोडला. मी ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे, त्या दिवशी.

डस्टर असा मोकळा मिळाल्यावर जे व्हायचं तेच होई. आम्ही तेवीस जण होतो. एकीला कुठल्याही कवितेत तिची घरमालकीण दिसायची. एकाचं प्रेम मोडलं होतं, ते त्याने पाच पेपरांना पुरवलं. पण बॉयलरच्या हाती डस्टर गेला की तासाची गाडी रुळावरून उतरायची ती परत चढायचीच नाही. एका कादंबरीतला म्हातारा चाळीस वर्षं मनातलं बोलत नाही, का बोलत नाही, असा प्रश्न होता. बॉयलर उठला आणि म्हणाला, त्याचा खालचा कॉक चोंदला असणार. मॅडमना ती प्रतिमा वाटली. त्यांनी ती फळ्यावर लिहून घेतली. मग वीस मिनिटं तो खरोखरच्या कॉकबद्दल बोलत राहिला.

मलाही ते सगळं पाठ झालं. बॉयलरला बाहेरून एक उभी काच असते. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. काचेला खाली एक कॉक असतो, त्यातून बॉयलरमधलं पाणी काचेत येतं. तो कॉक क्षाराने चोंदला की काचेत आधी शिरलेलं पाणी तसंच उभं राहतं. आतलं पाणी संपत जातं आणि काच मात्र अर्धी भरलेली दिसते. म्हणून काचेवर भरवसा ठेवायचा नाही. बॉयलरच्या पोटावर तीन छोटे नळ असतात, एकाखाली एक. ते उघडून बघायचे. पाणी असेल तर नळ थुंकल्यासारखा आवाज करतो. पाणी नसेल तर कोरडी शिट्टी वाजते.

आणि कोरडी शिट्टी वाजली तर, इथे तो नेहमी थांबायचा आणि डस्टर एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचा. कोरडी शिट्टी वाजली तर माणूस पहिल्यांदा काय करतो? पाणी सोडतो. पंप चालू करतो. आतल्या नळ्या लालभडक झालेल्या असतात, त्यांच्यावर पाणी पडलं की एका क्षणात सगळ्याची वाफ होते, मग भिंत राहत नाही. आधी आग बंद करायची. पाणी घालायचं नाही. काही झालं तरी पाणी घालायचं नाही.

"आणि मग तो म्हातारा?" घड्याळ्या मागून विचारी. घड्याळ्या म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाखाली बसणारा आमचा दोस्त. तास संपायला किती मिनिटं उरली हे तो बोटांनी सांगत असे.

दुसरी खूण माझी होती. पुस्तक वाचून आलेलो नसलो की आम्ही डस्टर बॉयलरकडे सरकवायचो. तो बोलायला लागला की मी बाकाखाली तर्जनी गोल फिरवायचो. म्हणजे चालू राहू दे. बाकीचे प्रश्न विचारायचे. वाफ किती गरम असते रे, कॉकला गंज चढतो का रे. तो प्रत्येकाला नीट उत्तर द्यायचा. ही खूण मी पहिल्या वर्षी काढली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत सगळा वर्ग ती वापरत होता. मला तिचा अभिमान वाटायचा.

तरी आमची मैत्री होती. का होती ते मला नीट सांगता येणार नाही. तो माझ्या वह्या नेत असे आणि परत देताना त्यांना कव्हर घालून आणत असे.

दुसऱ्या वर्षी वह्या परत घ्यायला म्हणून मी त्याच्या घरी गेलो. टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. जिन्यात रबराचा वास. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर, डब्यांच्या शेजारी, त्याची पाठ्यपुस्तकं ओळीने उभी होती. रविवार होता. तो दुकानातून काही आणायला खाली गेला होता. त्याच्या ताईने मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली. तिची बोटं टोकाशी गुळगुळीत झालेली होती. वाफेने तसं होतं, ती म्हणाली. ती त्याच धुलाईघरात इस्त्रीच्या रोलरवर होती. दोघीजणी ओली चादर एका बाजूने आत सोडतात, दुसऱ्या दोघी पलीकडून वाळलेली ओढून घेतात. ती सोडणाऱ्यांपैकी. दुपारी बारा ते रात्री आठ.

"हा वर्गात काय बोलतो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, छान बोलतो.

"घरात तोंड उघडत नाही. मला वाटलं तिथेही मुखदुर्बळच असेल." ती खूश झाली. "बोलतो ना? मग झालं."

निघताना जिन्यात मी त्याला सहज विचारलं, ताईची जागा बॉयलरपासून लांब असेल ना? तो दोन पायऱ्या खाली होता. मागे न वळता म्हणाला, मधे एक भिंत आहे. सहा पावलं.

मग जिना संपेपर्यंत त्याने उरलेलं सांगितलं. बारानंतर बॉयलर मालकाच्या मेहुण्याकडे असतो. मेहुण्याने कुठे काही शिकलेलं नाही. पाणी कमी झालं की आपोआप आग बंद करणारं एक यंत्र बॉयलरला असतं. ते सारखं आग बंद करून काम खोळंबवतं म्हणून मेहुण्याने त्याची वायर परस्पर जोडून ते निकामी करून टाकलं आहे. हा मालकाकडे दोनदा गेला. मालक म्हणाला, आजवर काही झालंय का? ताईला जागा बदल म्हटलं तर ती म्हणते, मी सरकले तर तिथे दुसरी उभी राहील, तिने काय घोडं मारलंय? कॉलेज सोडून दोन्ही पाळ्या करतो म्हटलं, तेव्हा ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

म्हणजे आमचा तास आणि मेहुण्याची पाळी एकाच वेळी. आमचा तास आणि ताईचा रोलर एकाच वेळी. एक ते चार तो आमच्यासमोर बसायचा, तेव्हा ती त्या भिंतीपासून सहा पावलांवर असायची. हे मला त्या रविवारी कळलं. मी घरी आलो, जेवलो. सोमवारी वाचून गेलो नव्हतो. मी बोट फिरवलं.

तो दिवस तिसऱ्या वर्षातला, परीक्षेच्या फॉर्मच्या आठवड्यातला. हजेरी पुरेशी असलेल्यांची यादी शुक्रवारी लागणार होती, तिच्यात नाव नसेल त्याला परीक्षा नाही. बॉयलरला एक हजेरी कमी पडत होती. मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं होतं की आता एकही तास चुकवू नका, माझ्या हातात काही राहणार नाही.

गुरुवारी तो उशिरा आला, एक वाजून दहा मिनिटांनी. केस कोरडे होते. हाताला लाल गंज होता, धुतलेला नव्हता. फळ्यावर प्रश्न होता : भीती रंगमंचावर कशी दाखवतात? एका नाटकाचा तिसरा अंक वाचून यायचं होतं. मी पहिलाही वाचला नव्हता. डस्टर फिरत फिरत माझ्याकडे आला. मी म्हटलं, याच्यावर बोलायला आपल्यात एकच माणूस आहे, आणि डस्टर बॉयलरच्या बाकावर ठेवला. वर्गात खसखस पिकली.

त्याने डस्टर उचलला. मग म्हणाला, आज सकाळपासून खालचा कॉक दोनदा चोंदला. दोनदा साफ केला. बाराला मेहुण्याला म्हटलं, आज काचेकडे बघू नकोस, दर पंधरा मिनिटांनी नळ उघडून बघ. मेहुणा म्हणाला, काच कशाला बसवलीय मग, भांग पाडायला? मी थांबतो म्हटलं तर ताई रोलरवरून ओरडली, जा तू, तुझी हजेरी आहे. मी आलो.

"पुढे?" घड्याळ्या म्हणाला. कुणीतरी विचारलं, चोंदतो म्हणजे नक्की कशाने रे? मी बाकाखाली तर्जनी फिरवत होतो. सवयीने फिरत होती.

"मी इथे बसलोय ना," बॉयलर म्हणाला, "तेच चुकतंय."

हशा झाला. त्याने असं काही गमतीने म्हटलं नव्हतं, पण आम्ही त्याच्या बोलण्याला कुठे हसायचं ते आता ठरून गेलं होतं.

मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या. दोन आठवड्यांत त्यांना उरलेलं नाटक संपवायचं होतं आणि तेवीस जणांत ते वाचलेले बहुधा चार होते. त्या उठल्या, त्याच्यासमोर गेल्या आणि हात पुढे केला.

"डस्टर द्या," त्या म्हणाल्या. "आज नको."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने डस्टर दिला. बाकावर त्याच्या हाताचा लाल ठसा उमटला होता, त्यात पांढरी धूळ. मॅडमनी डस्टर घरमालकीणवालीला दिला. ती बोलू लागली. मला आता ती काय म्हणाली ते आठवत नाही. मी बॉयलरच्या मानेकडे बघत होतो. ओठ हलावेत तशी त्याच्या मानेची शीर हलत होती. तो मोजत होता. मिनिटं असावीत.

एक वाजून चाळीस मिनिटांनी तो उभा राहिला. वही बाकावरच ठेवली आणि दारातून बाहेर पडला. हजेरी तासाच्या शेवटी असते हे त्याला माहीत होतं.

मी का उठलो ते मला ठाऊक नाही. त्याला परत आणायला उठलो असं मी मॅडमना सांगितलं. कॉरिडॉरमध्ये पोचलो तेव्हा तो जिना उतरून गेला होता. फाटकाबाहेर मला तो धावताना दिसला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस भर दुपारी पुस्तकांच्या दुकानांपुढून धावत होता आणि लोक बाजूला होऊन त्याच्या मागे कोण लागलंय ते बघत होते. मागे मी होतो.

कॉलेजपासून धुलाईघर चालत वीस मिनिटांवर. चष्म्याचं दुकान, बसथांबा, पाण्याची टाकी, मग लांबच लांब कुंपण. टाकीपाशी माझ्या बरगडीत कळ आली. मी थांबलो आणि पहिल्यांदा कान दिले. काही ऐकू येतं का म्हणून. गाड्यांचे भोंगे, एका दुकानाचं शटर. तेवढ्यानेही मी दचकलो. माझ्या लक्षात आलं की मी स्फोटाची वाट बघतोय, आणि ज्याला तीन वर्षं हसलो त्याचं सगळंच्या सगळं मला खरं वाटतंय. तरी धावत सुटलो, कारण तिथे एकटं उभं राहणं जास्त भीतीचं होतं.

धुलाईघराच्या उघड्या दारातून तो आत शिरला, मागोमाग मी. आत ओल्या कापडाचा दमट उकाडा. मोठ्या खोलीत रोलर फिरत होता, त्याच्या दोन्ही बाजूंना बायका, टेबलांवर घड्या घालणाऱ्या बायका. ताई भिंतीच्या कडेला होती. तिने मला ओळखलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. भावाचा तास बुडाला एवढंच तिला दिसलं असावं.

बॉयलरच्या खोलीत मेहुणा खुर्चीवर बसून फोन बघत होता. काच अर्धी भरलेली होती. स्वच्छ, शांत, अर्धी. माझा जीव भांड्यात पडला. मी दाराच्या चौकटीला धरून दम खात होतो आणि मनात म्हणत होतो, बघ, काही नाही.

बॉयलरने काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने वरचा नळ उघडला. शिट्टी. मधला उघडला. शिट्टी. खालचा उघडला.

मी ती शिट्टी वर्गात त्याच्या तोंडून पन्नासदा ऐकली होती. तो ती दातांतून काढून दाखवायचा आणि आम्ही पुन्हा काढायला लावायचो. खरी शिट्टी अगदी तशीच होती. कोरडी, बारीक. एक थेंब नाही.

"पंप कधी चालवलास?" बॉयलरने विचारलं. आवाज चढवला नव्हता.

मेहुणा उठला. काच भरलीय की, म्हणाला, पंप कशाला चालवू. मग त्याने बॉयलरचा चेहरा पाहिला, तीन नळ पाहिले, आणि त्याचा रंग उडाला. "पाणी नाही?" तो म्हणाला. "थांब, सोडतो."

पंपाचं बटण दाराशेजारच्या भिंतीवर होतं, माझ्या खांद्यापाशी. बॉयलर बर्नरकडे वाकला होता, त्याची पाठ आमच्याकडे. मेहुणा तीन ढांगांत माझ्यापर्यंत आला. मी काय केलं ते मला शरीराने आठवतं. मी पाठ भिंतीला लावली. बटण माझ्या पाठीखाली आलं, त्याच्या भोवतालची पत्र्याची कड मणक्याला टोचत होती.

"पाणी घालायचं नाही," मी म्हणालो.

"अरे सरक, उडेल ते."

"पाणी घालायचं नाही. आधी आग."

त्याने माझी कॉलर धरली. तो माझ्या दुप्पट होता. त्याला मला सहज ओढता आलं असतं, त्याने ओढलंही, पण मी गुडघे वाकवून भिंतीला चिकटलो. त्याच्या खांद्यावरून मला ती काच दिसत होती. अर्धी भरलेली. मेहुणा वाईट हेतूने ओढत नव्हता. त्याला सगळ्यांना वाचवायचं होतं.

मग गुरगुर थांबली. इतका वेळ ती चालू होती हे मला ती थांबल्यावर कळलं. बॉयलरने बर्नर बंद केला होता. तो आला आणि मेहुण्याची बोटं माझ्या कॉलरवरून एकेक करून सोडवली, लहान मुलाची सोडवावीत तशी.

"आता कुणी कशाला हात लावू नका," तो म्हणाला. "आपापलं निवू दे. बाहेर व्हा."

बाहेरच्या खोलीत ताईने एव्हाना रोलर थांबवला होता. तिने विचारलं काही नाही. हातातलं टाका आणि चला, एवढंच ती बायकांना म्हणाली. एकजण म्हणाली, चादर रोलरमध्ये अर्धी आहे, करपेल. ताई म्हणाली, करपू दे. रस्त्यावर, पलीकडच्या कुंपणाला टेकून, त्या उभ्या राहिल्या. मी मोजल्या. दहा. पुन्हा मोजल्या. दहाच. ताईला धरून अकरा व्हायला हव्या होत्या.

ती परत आत गेली होती. मी दारापर्यंत गेलो, पुढे माझे पाय उचलले नाहीत. आतून बॉयलरचा आवाज आला. तो ताईवर ओरडत होता. त्याला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं आणि तिनेही ऐकलं नसावं.

"तू बाहेर जा गं," तो ओरडत होता. "तू बाहेर असलीस की मला भीती वाटत नाही, एवढं तरी कर माझ्यासाठी."

ती बाहेर आली. पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

तो आत राहिला. कुणीतरी त्या बटणापाशी उभं राहायला हवं, नाहीतर मालक येईल आणि पंप चालू करील, असं तो म्हणाला होता. आम्ही सव्वातास रस्त्यावर उभे होतो. मालक आला, आत जायला निघाला, ताई त्याच्या वाटेत उभी राहिली. बायका कुजबुजत होत्या. कुंपणावरून एक मांजर गेलं आणि तिघीजणी एकदम मागे सरल्या. धुलाईघराची भिंत तशीच होती. मी सव्वातास भिंतीकडे बघत होतो. भिंत इतका वेळ बघितली की ती श्वास घेतल्यासारखी वाटते.

काही झालं नाही.

हेच पुढे त्याला भोवलं. काही झालं नाही. मालक म्हणाला, तू माझं अर्ध्या दिवसाचं काम बंद पाडलंस, बायकांना घाबरवलंस, माझ्या माणसाच्या अंगावर बाहेरचा पोरगा घातलास, आणि झालं काय? बॉयलरने आतल्या नळ्यांचा उडालेला रंग दाखवायला बोलावलं. मालकाने पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याला कामावरून काढलं होतं. ताईने स्वतःहून सोडलं. शुक्रवारी हजेरीची यादी लागली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. मॅडम प्राचार्यांकडे जाऊन आल्या. नियम म्हणजे नियम, असं उत्तर मिळालं. सोमवारी धुलाईघराचा बॉयलर परत पेटला. मेहुणा दोन्ही पाळ्या बघू लागला. ताईच्या जागेवर नवी बाई आली, बाकीच्या दहाजणी होत्या तिथेच होत्या.

मंगळवारी डस्टर माझ्याकडे आला. फळ्यावर त्याच नाटकाचा शेवट होता. मी तो वाचला होता, पण मी गुरुवारचं सांगायला लागलो. टाकीपाशी थांबलो ते, शिट्टी, बटण. मला वाटलं, हे ऐकून खोली सुन्न होईल. मी सांगत गेलो आणि समोरचे चेहरे सैलावत गेले. घड्याळ्याने घड्याळाकडे पाहिलं, मग दोन बोटं दाखवली. कुणीतरी विचारलं, कॉलर फाटली का रे? आणि मागच्या रांगेत, बाकाच्या कडेशी, मला ती दिसली. तर्जनी. गोल, सावकाश. चालू राहू दे.

मी थांबलो. बोलायचं काय होतं तेच विसरलो.

मॅडमनी विचारलं, "आत्ता, या क्षणी, तिथे किती बायका आहेत?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "अकरा," मी म्हणालो.

तास संपल्यावर त्यांनी बॉयलर तपासणीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, माझी सही घेतली. पत्र पोचल्याचा कागद आला. तपासनीस कधी येणार ते त्यात नव्हतं.

तो कागद आला त्या दुपारी मी तास बुडवून बॉयलरला शोधायला गेलो. तो धुलाईघरासमोर कुंपणाला टेकून उभा होता, त्या दिवशी बायका उभ्या होत्या तिथेच. आता तो एका हॉस्पिटलात पहाटेची पाळी करत होता, दुपारी मोकळा असे. रोज येतोस का, मी विचारलं. त्याने मान हलवली. इथून आवाज कळतो, म्हणाला.

मी त्याला वर्गातलं सांगितलं. मॅडमनी काय विचारलं ते, पत्राचं. त्याने ऐकून घेतलं.

"बोट फिरवलं का कुणी?" तो म्हणाला.

माझे कान तापले. तुला कसं माहीत, मी विचारलं.

"माझ्या बाजूला खिडकी होती ना. काचेत सगळा वर्ग दिसायचा. पहिल्या वर्षापासून."

"मग बोलायचास कशाला, गाढवा?"

"तुम्ही बोट फिरवायचात म्हणून तर बोलायला मिळायचं." तो धुलाईघराच्या भिंतीकडे बघत होता. "मी विचार केला, तेवीस डोकी आहेत. ऐकता ऐकता एकाच्या तरी डोक्यात बसेल. मी नसेन तेव्हा."

आतून रोलरची घरघर येत होती. ती मधेच थांबली आणि आम्ही दोघं एकदम कुंपणापासून सुटे झालो. मग ती परत सुरू झाली. चादर अडकली असेल, तो म्हणाला. त्याने उजव्या हातावरच्या घड्याळात पाहिलं. पावणेतीन झाले होते.

"काच रिकामी दिसली तर?" त्याने मला विचारलं.

"आधी आग बंद. पाणी घालायचं नाही."

"आणि भरलेली दिसली तर?"

"भरवसा ठेवायचा नाही. तिन्ही नळ उघडून बघायचे."

त्याने भिंतीवरची नजर काढली नव्हती.

"परत सांग," तो म्हणाला.